शिफारसपत्र

अर्जाच्या तळाशी एक चौकोन:
'विद्यार्थिनीस आपण किती काळापासून ओळखता?'
दोनच आकडे मावतील एवढा.
मी लिहितो, ०६.
गौतमी मडकईकर, मुक्काम चोडण,
वडील मानशीवर.

थांबतो.
हे पत्र जिथं उघडतील, त्या थंड खोलीत
मानस कुणाला ठाऊक असणार?

खाजनाच्या तोंडाशी लाकडी दारं असतात, लिहू लागतो,
भरती आली की आपणहून मिटतात,
ओहोटीला उघडतात.
खारं पाणी बाहेर, कोरगूट आत.
पण दारांचं कौतुक फार नको.
खरं काम बांधाचं.
रात्री कुर्ल्या भोकं पाडतात,
सकाळी कुणीतरी बांधावरून चालत जायचं,
वाकून, चिखलानं एकेक बुजवायचं.
रोज. चवथीच्या दिवशीसुद्धा.
एक राहिलं तर त्या दिवशी काहीच होत नाही.
पंधरवड्यानं भात पिवळं पडतं.

शब्दमर्यादा तीनशे.
खोडतो सगळं.

प्रवेश परीक्षेचे गुण वर, ठळक:
तीनशेपैकी एकशे चार.
शाळेचे निकाल खाली, मुंगीएवढ्या टायपात.
सातवीपासून बारावीपर्यंत
नव्वदच्या खाली उतरलेला एकच विषय,
चित्रकला.
(घोडा काढायचा होता. तिनं घोडा
जवळून पाहिलेला नव्हता, म्हणून
नुसतं गवत काढलं.)

एकशे चार म्हणजे काय, ते मी तिला विचारलं.
पंचाहत्तर प्रश्न. सव्वीस सोडवले.
सव्वीसही बरोबर.
एकोणपन्नास कोरे.
'अगं, दोन पर्याय तरी कटत असतील,
उरलेल्यांत एक ठोकून द्यायचा!'
ती चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली,
'येत नाही ते येतं म्हणून कसं सांगू, सर?'

यावर माझ्याजवळ उत्तर होतं.
क्लासवाले देतात तेच.
दिलं नाही.

आता जे लिहिणार नाही, ते असं:
आमच्या वेळी मी तशाच परीक्षेत
गोव्यात चौथा आलो होतो.
एका दुपारी, तीन तास, मी झळाळलो.
पेपरात फोटो, देवळात नारळ,
मामानं घेतलेली निळी सुटकेस.
दीड वर्षानं तीच सुटकेस घेऊन
रायबंदरच्या धक्क्यावर उभा होतो.
फेरीवाल्यानं दोर सोडला,
सुटकेसकडे पाहिलं, काही विचारलं नाही.
त्याचे उपकार अजून फिटले नाहीत.
मला रोजचं काही येत नव्हतं.
ते मी नंतर शिकलो, खडू हातात घेऊन,
पोरांच्या आधी एक धडा वाचत वाचत.

तर महाशय,
ही मुलगी वेळ घेते.
प्रयोगवहीत हिचं एकही वाचन
शेजारच्या वहीतून आलेलं नाही.
चुकलेलं ही खोडत नाही, वर एक रेघ मारते,
म्हणजे चूकही वाचता येते.
तुमच्या तीन तासांत ही थोडी दिसली.
तुमच्या चार वर्षांत पुरी दिसेल.
आपला नम्र.

दोनशे अठ्ठ्याण्णव शब्द.
दोन शिल्लक ठेवले. घालण्यासारखं होतं,
पण 'कृपया घ्या' असं लिहायचं नव्हतं.

मुलाखतीला तिला कोऱ्या प्रश्नांबद्दलच विचारलं म्हणे.
काय सांगितलंस, म्हटलं.
'त्यांतले एकतीस आता येतात, असं सांगितलं.
अठरा अजून नाही.'

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात
ती फेरीतून उतरली, लिफाफा प्लास्टिकात गुंडाळलेला.
बाप बांधावरून आला, कोपरापर्यंत चिखल,
कागदाला हात लावेना.
लांबूनच वाचला, किंवा वाचल्यासारखं केलं.
'बरें जालें,' म्हणाला,
आणि भरती चढायच्या आत परत गेला.

मी अभिनंदन म्हणायला तोंड उघडलं,
तर तिनं कागद माझ्यापुढे धरला,
बोट पहिल्याच ओळीवर:
'सर, मडकईकरचं मडगावकर केलंय.
आजच कळवू ना?'